आधी ब्रेक, मग सेल्फ: उभ्या पद्मिनीबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी पत्रं एकाच दुखण्याची आहेत, शेडमध्ये वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी. म्हणून स्कूटरवाल्यांनो, तुमचे प्रश्न पुढच्या वेळी.

प्रश्न (कराड): वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. ते २०१३ ला गेले, तेव्हापासून गाडी घरामागच्या शेडमध्ये उभी. टायर बसलेत, उंदरांनी सीट कुरतडलीय, पण इंजिन ए-वन होतं असं सगळे सांगतात. पुतण्या म्हणतो नवीन बॅटरी टाकू, सेल्फ मारू, दिवाळीला गावातून एक चक्कर होईल. जमेल का?

उत्तर: गाडी जमेल, दिवाळीचं सांगता येत नाही. आणि पुतण्याला आधी बॅटरीपासून लांब ठेवा. मोबाईलवर व्हिडिओ असतात ना, धूळ खात पडलेली गाडी आणि पाच मिनिटांत धुरळा उडवत चालू, ते बघून पोरांना वाटतं चालू झाली म्हणजे झालं. अहो पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन म्हणजे काही रॉकेट नाही, पेट्रोल आणि ठिणगी मिळाली की ते बहुतेक वेळा चालू होतंच, पण चालू झालेली गाडी थांबली पाहिजे की नाही? म्हणून माझा क्रम उलटा असतो, आधी ब्रेक, मग पेट्रोलची लाइन, मग वायरिंग आणि सेल्फ सगळ्यात शेवटी.

ब्रेकचं बघा. पद्मिनीला चारी चाकांना ड्रम आहेत. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, इतक्या वर्षांत त्यात पाणी झालेलं असणार आणि त्या पाण्याने व्हील सिलिंडर आतून गंजलेले असणार. पेडल दाबलं तर कदाचित कडक लागेल, त्यावर जाऊ नका, पहिल्या जोरदार ब्रेकला रबर फाटतं आणि पेडल थेट पत्र्याला टेकतं. ड्रम उतरवा. हँडब्रेक ओढून गाडी उभी केली असेल (वडिलांच्या पिढीची सवयच ती) तर मागचे ड्रम शूला चिकटलेले असतील, घणाचे घाव घालू नका, ड्रम फुटतो, कडेने गंज उतरवायचं तेल सोडा, एक रात्र जाऊ द्या आणि मग लाकडाचा ठोकळा मध्ये ठेवून टकटक करत फिरवा. मास्टर सिलिंडर आणि चारी चाकांच्या सिलिंडरचं रबर किट नवीन टाका, आणि होज पाइप बाहेरून कितीही चांगले दिसले तरी बदलाच. होज आतून फुगतो, मग ब्रेक लागतो पण सुटत नाही, चाक तापतं आणि गॅरेजवाला बेअरिंग बदलत बसतो.

आता पेट्रोल. टाकीचं झाकण उघडून वास घ्या, पॉलिशसारखा उग्र वास आला तर ते पेट्रोल राहिलेलंच नाही. ते सगळं काढून टाका, नवीन पेट्रोल ओतून पातळ करू म्हणू नका. टाकी खाली उतरवून आत टॉर्च मारा, तांबडे पापुद्रे दिसले तर रेडिएटरवाल्याकडून धुऊन घ्या. आणि एक गोष्ट नीट ऐका, टाकीला भोक असेल तर रिकामी आहे म्हणून कोणाला वेल्डिंग मारू देऊ नका, रिकाम्या टाकीतली वाफच पेटते. कार्बोरेटर खोलून जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक भोकं, साफ करा. पेट्रोलचा पंप इंजिनवरच असतो, त्यातलं रबरी पडदं वाळून चिरलेलं असतं आणि ते चिरलं की पेट्रोल गुपचूप खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून हुंगा, ऑइलला पेट्रोलचा वास येतोय किंवा लेव्हल वाढलीय असं दिसलं तर कारण तेच.

आता इंजिनला हात लावू. चारी प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल आणि डिझेल एकत्र करून सोडा आणि दोन दिवस विसरून जा. पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असतात, त्या सुटायला वेळ लागतो. जुनं ऑइल काढून नवीन टाका, २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०, पातळ महागडं सिंथेटिक नको, या वयाच्या इंजिनच्या सील त्याला पुरत नाहीत. मग इंजिनच्या माथ्यावरचं टॅपेट कव्हर काढा आणि एकाने खालच्या पुलीच्या नटला पाना लावून इंजिन हळूहळू हाताने फिरवायचं, दुसऱ्याने वर बघत राहायचं, आठही व्हॉल्व्ह वरखाली होतात का ते. एखादा खालीच अडकून राहिला आणि तुम्ही तसाच सेल्फ मारला तर पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारी दांडी, वाकला म्हणून समजा. अडकलेल्याच्या दांडीवर तेल सोडा, थोडं मागे-पुढे फिरवा, बहुतेक वेळा सुटतो. जोर लावून पाना फिरवायची वेळ आली तर थांबा, आणखी दोन दिवस द्या.

मगच बॅटरी. त्याआधी डॅशबोर्डखाली डोकं घालून वायरी बघा. जिथे उंदरांनी सीट खाल्ली तिथे वायरीही खाल्लेल्या असतातच, एअर फिल्टरच्या डब्यात पण घरटं असू शकतं, झाकण काढून बघा नाहीतर सगळा कापूस कार्बोरेटरमध्ये. प्लग न लावता सेल्फ मारा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थांबून थांबून, म्हणजे बेअरिंगला तेल पोचतं. भोकांवर वाकून बघू नका, आत टाकलेलं डिझेल पिचकारीसारखं तोंडावर येतं. दिवा विझला की प्लग लावा, डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीचे पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून घ्या आणि जमलं तर कंडेन्सर नवीन टाका, स्वस्त असतो. टाकीचं काम झालं नसेल तर गॅरेजवाले पेट्रोलची बाटली वर टांगून नळी कार्बोरेटरला लावतात, चालतं ते, पण बाटली एक्झॉस्टपासून लांब आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी.

इंजिन चालू झालं तरी रेस देऊ नका. सायलेन्सरमधून धूर येईल, तो टाकलेल्या तेलाचा असतो, थोड्या वेळाने जातो. लक्ष पाण्यावर ठेवा. या इंजिनचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं, कूलंट न घालता विहिरीचं पाणी वापरलं असेल तर आत गाळ बसलेला असतो, रेडिएटर गार राहतो आणि हेड तापून वाकतं. रेडिएटरचे होज नवीन, पाणी काढून कूलंट, आणि तापमानाचा काटा वर चढायला लागला की लगेच बंद. गिअर पडतच नसेल, खरखर करत असेल, तर गिअरबॉक्सला शिव्या देऊ नका, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली आहे. पेडल दाबून सीट आणि पेडलमध्ये लाकूड अडकवून रात्रभर ठेवा, कधी कधी सकाळी सुटते. नाही सुटली तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल.

टायरबद्दल वाद घालू नका, नवीन घ्या. बाजूवर शेवटचे चार आकडे असतात, २३१२ म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असू दे, एवढ्या वयाचं रबर आतून सुटतं. पद्मिनीचा मूळ साइज ५.२०-१४ आहे, दुकानदार जवळचा म्हणून दुसराच देईल, आधी मोजून घ्या.

आणि खाली झोपून एकदा फ्लोअर बघा. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने टोचा, विशेषतः मागचे पाटे जिथे बॉडीला अडकतात तिथे. टोक आत गेलं तर रंगाचा विचार बंद, आधी पत्र्याचं काम. बाहेरच्या अंगाला लोहचुंबक फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे खाली पत्रा नाही, पुटी आहे.

कागदपत्रांचं तुम्ही विचारलं नाही पण सांगतो, कारण पैसे तिथे अडकतात. गाडी वडिलांच्या नावावर आहे म्हणजे आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर ट्रान्सफर, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागेल, बहिणींच्या सह्या आधीच घेऊन ठेवा. मग नोंदणीचं नूतनीकरण, फॉर्म २५. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर ५-५ वर्षांनी वाढवायची, तुमची केव्हाच संपली. २० वर्षांवरच्या मोटारीला ही फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालीय, वर उशिराचा दंड महिन्याच्या हिशोबाने, शिवाय १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला पर्यावरण कर ५ वर्षांचा. इन्शुरन्स आणि पीयूसी वेगळं. म्हणून गाडीवर पैसा ओतायच्या आधी आरटीओत जाऊन एकूण आकडा काढून घ्या, आणि तपासणीला गाडी टोइंगवर न्या. बिनविम्याची गाडी चालवत आरटीओत जाणारे महाभाग असतात, तुम्ही होऊ नका.

प्रश्न (गिरगाव): आजोबांची १९६८ ची फियाट डिलाइट आहे. मुंबईत पद्मिनी-फियाट बंद झाल्या असं सोसायटीत सगळे म्हणतात, मग आमची रस्त्यावर आणता येईल का? व्हिंटेज नंबर घ्यावा का?

उत्तर: सोसायटीतल्यांनी टॅक्सी आणि घरची गाडी यांची खिचडी केलीय. बंद झाली ती काळी-पिवळी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली होती, टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली, पेपरात फोटो आले आणि लोकांना वाटलं सगळ्याच गेल्या. १५ वर्षांची पेट्रोल गाडी चालत नाही ही भानगड दिल्लीची, आपल्याकडची नाही. खाजगी गाडी तपासणीत पास झाली आणि पैसे भरले की चालवता येते.

व्हिंटेजचा नियम २०२१ मधला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, इंजिन-बॉडी-चासीत मोठा बदल न केलेली खाजगी दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षं चालते, नूतनीकरणाला ५,०००. आधीपासून नंबर असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. ऐकायला झकास वाटतं पण त्यात मेख आहे, अशी गाडी रोजच्या रस्त्यावर चालवता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्या कामांना. तेव्हा चालवायची की मिरवायची ते आधी ठरवा. रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन मरीन ड्राइव्हला जायचंय तर साधी नोंदणीच वाढवा, माझं मत विचाराल तर फियाट ही बसायची गाडी आहे, दोरीमागे ठेवायची नाही.

प्रश्न (फोंडा, गोवा): जुनी काँटेसा गाडी आहे, चांगली चालते पण वापर नाही, म्हणून दर रविवारी पाच मिनिटं चालू करून बंद करतो. पुरे ना?

उत्तर: त्यापेक्षा न केलेलं बरं. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही, जळलेल्या पेट्रोलमधून तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये बसून राहतं आणि सायलेन्सर आतून सडतो, तुमच्याकडच्या दमट हवेत जास्तच. बॅटरीतून सेल्फने खाल्लेलं पण भरून निघत नाही. पंधरा दिवसांनी एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवा, क्लच-ब्रेक-गिअर सगळ्याला व्यायाम होतो. पावसाळाभर ठेवायचीच असेल तर बॅटरीची वायर काढा, टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा, चाकांना विटा लावून हँडब्रेक सोडून ठेवा, आणि प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतं, कापडी घाला.

प्रश्न (नाशिक): १९७८ ची पद्मिनी दोन वर्षांपूर्वी चालू केली. आता पंपावर सगळीकडे इथेनॉलवालं पेट्रोल, फिल्टर सारखा चोक होतो आणि चढाला गाडी दम टाकते.

उत्तर: दोन्हीचं मूळ एकच. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल. ते टाकीत वर्षानुवर्षं बसलेला चिकटा सोडवतं, तो फिल्टरमध्ये येतो, म्हणून फिल्टर बदलत बसण्यापेक्षा एकदा टाकी उतरवून धुवा. आणि त्याच मापाच्या पेट्रोलमध्ये आता ताकद थोडी कमी, मिश्रण पातळ पडतं, नवीन गाडीचा कॉम्प्युटर ते सांभाळून घेतो, तुमच्या कार्बोरेटरला ते कळत नाही. जाणत्या माणसाकडून मेन जेट थोडं मोठं करून घ्या आणि ठिणगीचं टायमिंग तपासा. पण त्याआधी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या आणि पंपाचं पडदं इथेनॉल झेपेल असं बघून बदला. जुनं रबर त्यात मऊ होतं, घाम आल्यासारखं पेट्रोल पाझरतं आणि खाली गरम एक्झॉस्ट आहे. पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढतं.

प्रश्न (सोलापूर): पद्मिनीचे पार्ट आता कुठे मिळतात?

उत्तर: पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसच्या आसपासची दुकानं, आणि जुन्यासाठी कुर्ला. इंजिनचे पार्ट, ब्रेक किट, क्लच प्लेट अजून मिळतात, टॅक्स्या इतकी वर्षं धावल्या त्याचा फायदा. अवघड जातं ते बाहेरचं, क्रोमची पट्टी, दिव्याच्या काचा, दाराची हँडलं. दुकानात जाताना जुना पार्ट सोबत न्या, नुसतं नाव सांगून चालत नाही, मॉडेलवर मॉडेल बदललेली आहेत. आणि नवीन पार्ट बसून गाडी चालेपर्यंत जुना भंगारात देऊ नका, बऱ्याचदा नवीनमध्ये भोकच चुकलेलं असतं आणि लेथवाल्याला नमुना म्हणून तोच दाखवावा लागतो.