डायलिसिस सुरू झाल्यापासून हे माझ्याजवळ येत नाहीत

प्रश्न : ताई, माझं वय ३७. मिस्टर ४३ वर्षांचे. डायबेटिसमुळे त्यांच्या किडन्या गेल्या, दीड वर्षापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. तेव्हापासून ते माझ्याजवळ येत नाहीत. पाठ करून झोपतात. छाती सुजल्यासारखी दिसते, म्हणून बनियनसुद्धा माझ्यासमोर बदलत नाहीत. मी नकोशी झाले का? सासूबाई म्हणतात, निदान साखर तरी गेली, इन्शुलिन निम्म्यावर आलं.
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : बनियनचं लिहिलंस ते फार बरं केलंस. तुझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्यातच आहे, आणि ते तुझ्याविषयी नाही.

किडनी म्हणजे रक्ताची चाळणी, एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण ती काही हार्मोन स्वतः तयार करते आणि काही रक्तातून काढूनही टाकते. प्रोलॅक्टिन हे बाळंतिणीला दूध आणणारं हार्मोन पुरुषांच्याही अंगात थोडं असतं. किडनी निकामी झाली की ते रक्तात साचतं, शिवाय मेंदूचा त्याच्यावरचा लगामही सैल होतो. ते वाढलं की टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, दबतं. वृषणांतही ते आधीच कमी बनत असतं. मग इच्छाच होत नाही, झाली तरी शरीर साथ देत नाही, आणि छाती वाढू शकते. डायलिसिसने युरिया, पोटॅशियम, जादा पाणी निघतं. हे बिघडलेलं गणित त्याने फारसं सुधारत नाही.

त्यात डायबेटिसने नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात. रक्त बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन किडनीतच तयार होतं, तेही कमी पडतं. डायलिसिसवरच्या बहुतेकांना त्याचं इंजेक्शन लागतं ते त्यामुळेच. हिमोग्लोबिन आठवर असलेल्या माणसाला जिना चढणं जड जातं, बाकीचं तर दूरच.

सासूबाईंना मात्र आजच सांग, साखर गेलेली नाही. इन्शुलिनचा निचरा करण्यात किडनीचा मोठा वाटा असतो. आता तेच इन्शुलिन अंगात जास्त वेळ टिकतं, म्हणून डोस कमी लागतो. धोका उलट वाढलाय. रात्री घाम फुटला, हात थरथरले, असंबद्ध बोलू लागले तर लगेच साखर तपास. कमी असेल आणि ते शुद्धीवर असतील तर तीन चमचे साखर थोड्याच पाण्यातून दे. मोसंबीचा रस नको, त्यात पोटॅशियम असतं.

किडनीच्या डॉक्टरांना तू स्वतः विचार. ते आपणहून हा विषय क्वचितच काढतात, याचा मला रागच आहे. प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन आणि हिमोग्लोबिन तपासायचं का, ते विचार. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून ने. उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडनेही प्रोलॅक्टिन वाढतं. छातीत एकाच बाजूला कडक गाठ लागत असेल तर वेळ काढू नकोस. प्रत्यारोपणानंतर यातलं बरंच सुधारतं, पण प्रत्येकाचं सुधारतंच असं नाही.

घरी हा विषय डायलिसिसच्या दिवशी काढू नकोस, त्या दिवशी माणूस पिळून निघालेला असतो. मधल्या एखाद्या सकाळी चहा घेताना म्हण, "अहो, हेही त्या आजाराचंच असेल, डॉक्टरांना विचारूया का?" गप्प बसले तर बसू देत, पुन्हा विचार.

आणि मोबाइलवर जाहिरात येते त्या 'मर्दानी ताकद'वाल्या पुड्या घरात आणू नकोस. कित्येकांत पारा, शिसं सापडलंय. व्हायग्रासारखी गोळीही परस्पर नको. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर दोन्ही मिळून रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली येतो.