संगणक-शंका : इमेज बनवली, आता ती सांभाळायची कशी?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून या सदराकडे येणारे बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत. जुनी मशीन काढून नवीन घेतली, किंवा आहेत त्यांच्यावरच विंडोज ११ टाकलं, पण वीस-पंचवीस पीसी एकेक करून बसवायला वेळ कुणाला आहे, म्हणून एक पीसी नीट तयार केला, त्याची इमेज, म्हणजे विंडोज आणि सॉफ्टवेअरसकट जशीच्या तशी नक्कल, काढली आणि सगळीकडे टाकली, आणि घोळ त्याच्यानंतर सुरू झाला. म्हणून यावेळचं सगळं सदर इमेजलाच दिलंय.

प्रश्न : ताई, वागळे इस्टेटला आमचा टायपिंग आणि एमएस-सीआयटीचा क्लास आहे, २५ पीसी. एका पीसीवर विंडोज ११, ऑफिस, टायपिंगचं सॉफ्टवेअर सगळं बसवलं आणि क्लोनझिला या डिस्कची नक्कल काढणाऱ्या सॉफ्टवेअरने तोच बाकीच्यांवर उतरवला. सुरुवातीला मस्त चाललं. मग अपडेट आले आणि आता एका पीसीवरून दुसऱ्याचं शेअर फोल्डर उघडत नाही, पासवर्ड बरोबर असून चुकीचा म्हणतो. फायरवॉल बंद करून बघितली, अँटीव्हायरस काढून बघितला, फरक शून्य.

उत्तर : आधी फायरवॉल परत चालू करा, तिचा यात काही दोष नाही. तुमच्या २५ पीसींचा एसआयडी एकच आहे, तिथे गाडी अडलीय. विंडोज बसवताना प्रत्येक मशीनला स्वतःचा एक ओळख नंबर मिळतो तो एसआयडी, आणि तुम्ही बसवलेली विंडोज जशीच्या तशी उतरवली म्हणजे तो नंबरही सगळीकडे तोच गेला. खात्री करायची असेल तर दोन पीसींवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘हूअ‍ॅमआय स्लॅश यूजर’ द्या, जो लांबलचक आकडा येतो त्याचा शेवटचा तुकडा सोडून बाकी सगळं सारखं असेल तर झालं निदान. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टीम लॉगमध्ये ६१६७ नंबरचा इव्हेंटही सापडेल.

आता तुम्ही म्हणाल की इतकी वर्षं लोक असंच क्लोन करतायत, मग आताच काय झालं. बरोबर आहे. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच मार्क रुसिनोविच यांनी लिहिलं होतं की डुप्लिकेट एसआयडीची भीती उगाच पसरलेली आहे, आणि एसआयडी बदलणारं स्वतःचं टूलही त्यांनी तेव्हा बंद केलं. त्या लेखाच्या भरवशावर कितीतरी जणांनी सिसप्रेप, म्हणजे इमेज काढण्याआधी मशीनची ओळख पुसणारं विंडोजमधलंच टूल, चालवायचं सोडून दिलं, पण कंपनीचा अधिकृत नियम तेव्हाही सिसप्रेप करूनच इमेज काढा असाच होता. २०२५ च्या ऑगस्टअखेरपासूनच्या अपडेट्सनी विंडोज ११ च्या २४एच२, २५एच२ या आवृत्त्यांवर आणि विंडोज सर्व्हर २०२५ वर लॉगिनची तपासणी कडक केली, त्यामुळे एकच एसआयडी असलेली मशीन एकमेकांना ओळखच देत नाहीत. तात्पुरती सूट देणारी एक पॉलिसी आहे पण ती मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस सपोर्टकडून मागून घ्यावी लागते, आणि खरा उपाय एकच, मशीन नीट पद्धतीने परत बसवणं. २५ पीसी परत करायचे हे ऐकून जीवावर येईल, पण यावेळी केलेलं काम पुढची काही वर्षं पुरेल म्हणून मी सांगतेय.

एका पीसीवर कोरं विंडोज टाका, देश आणि भाषा विचारणारी पहिली स्क्रीन आली की काही न भरता कंट्रोल, शिफ्ट आणि एफ३ एकत्र दाबा. मशीन ऑडिट मोडमध्ये उघडेल, म्हणजे कुणाचंही अकाउंट न बनवता काम करता येतं. इंटरनेट काढून ठेवा, कारण नेट असलं की स्टोअरची अ‍ॅप्स मागच्या मागे अपडेट होतात आणि मग सिसप्रेप हमखास अडतं. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बंद करा आणि डिक्रिप्शन पूर्ण होईपर्यंत थांबा, २४एच२ मध्ये बऱ्याच मशीनवर ते न सांगता चालू होतं. सॉफ्टवेअर बसवा, मग सिसप्रेपमध्ये जनरलाइझवर टिक करून शटडाऊन निवडा. मशीन बंद झालं की ते परत विंडोजमध्ये चालू करायचं नाही, थेट क्लोनझिलाच्या पेनड्राइव्हवरून बूट करून इमेज काढायची. टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स मशीनला बांधलेलं असेल तर ते इमेजमध्ये टाकू नका, उतरवल्यावर प्रत्येक पीसीवर वेगळं टाका. सिसप्रेप मध्येच अडलं तर घाबरू नका, सिसप्रेपच्याच फोल्डरमध्ये पँथर नावाचं फोल्डर आहे, तिथल्या लॉगमध्ये कुठल्या अ‍ॅपने अडवलं त्याचं नाव लिहिलेलं असतं, ते अ‍ॅप काढायचं आणि परत चालवायचं.

प्रश्न : मी महापेच्या एका कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला नवीन लागलोय. नवीन लॅपटॉप आलेत, आमच्या नेहमीच्या पेनड्राइव्हने सेटअप चालू होतो पण डिस्कच दिसत नाही. इन्स्टॉल डॉट विममध्ये ड्रायव्हर टाकला तरी तेच. सीनियर म्हणतात बायोसमध्ये व्हीएमडी बंद कर. करू का?

उत्तर : व्हीएमडी म्हणजे इंटेलची डिस्क सांभाळणारी सोय, ती बंद केली तर डिस्क दिसेल, एखाद्या मशीनसाठी चालूनही जाईल, पण लॅपटॉपचा ढीग असेल तर प्रत्येकाच्या बायोसमध्ये कोण शिरणार, आणि नंतर कुणी ती सेटिंग परत चालू केली की विंडोज बूटच होणार नाही. त्यापेक्षा इमेज दुरुस्त करा.

तुमचा ड्रायव्हर चुकीच्या फाईलमध्ये गेलाय एवढंच. पेनड्राइव्हच्या सोर्सेस फोल्डरमध्ये दोन विम फाइली, म्हणजे विंडोजच्या इमेजच्या फाइली, असतात. इन्स्टॉल डॉट विम म्हणजे मशीनवर उतरणारं विंडोज, आणि बूट डॉट विम म्हणजे ते उतरवायला आधी चालू होणारं छोटं विंडोज, ज्याला विनपीई म्हणतात. डिस्क शोधायचं काम त्या छोट्याचं असतं आणि त्याच्याकडे ड्रायव्हर नसेल तर मोठ्याकडे असून उपयोग नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई डिस्क व्हीएमडीच्या मागे असते, म्हणून हा प्रकार आता रोजचा झालाय. बूट डॉट विमच्या आत दोन इंडेक्स असतात, सेटअप दुसऱ्यातून चालतो, तरी ड्रायव्हर दोन्हीत टाका. आणि एक जागा सगळेच विसरतात, इन्स्टॉल डॉट विम माउंट केल्यावर, म्हणजे फोल्डरसारखी उघडल्यावर, आत सिस्टीम३२ च्या रिकव्हरी फोल्डरमध्ये विनआरई डॉट विम ही तिसरी फाईल असते, तिच्यातही तोच ड्रायव्हर हवा, नाहीतर सहा महिन्यांनी कुणी ‘रीसेट धिस पीसी’ केलं की डिस्क सापडत नाही आणि तो फोन तुम्हालाच येणार.

काम करायचं डिझमने, हे इमेज हाताळायचं विंडोजमधलंच कमांडवर चालणारं टूल. आधी मूळ फाईलची कॉपी करायची आणि हात लावायचा तो कॉपीला, मूळ आयएसओला (विंडोजच्या इन्स्टॉलच्या मूळ फाईलला) कधीच नाही. रिकाम्या फोल्डरमध्ये इंडेक्स नंबर देऊन माउंट करा, अ‍ॅड-ड्रायव्हर द्या, रिकर्स लावलं की सबफोल्डरमधलेही घेतो. ड्रायव्हर आयएनएफ फाइलींच्या रूपात लागतो, लॅपटॉप कंपनीची एक्झी फाईल आहे तशी चालत नाही, आधी ती एक्स्ट्रॅक्ट करायची. शेवटी अनमाउंट करताना कमिट (बदल सेव्ह करा) लिहायला विसरू नका, डिस्कार्ड लिहिलं की केलेलं सगळं गेलं. अनमाउंटच्या आधी एक्सप्लोररमध्ये ते फोल्डर उघडं नाही ना बघा, नुसती खिडकी उघडी असली तरी ‘पूर्ण अनमाउंट झालं नाही’ म्हणून एरर येते. डिझमची आवृत्ती इमेजपेक्षा जुनी नको, म्हणजे विंडोज १० च्या पीसीवर बसून विंडोज ११ ची इमेज एडिट करायची असेल तर नवीन एडीके (मायक्रोसॉफ्टचा इमेजच्या टूल्सचा संच) टाकून त्यातलं डिझम वापरा.

आणि हे सगळं झाल्यावर इन्स्टॉल डॉट विम पेनड्राइव्हवर कॉपी होत नाही असं झालं तर पेनड्राइव्ह खराब नाहीये, एफएटी३२ या पेनड्राइव्हच्या फॉरमॅटवर ४ जीबीची एक फाईल मावत नाही. डिझमच्या स्प्लिट-इमेजने ३८०० एमबीचे तुकडे पाडा, एसडब्ल्यूएम नावाच्या फाइली तयार होतात, त्या सोर्सेसमध्ये ठेवून मोठी विम काढून टाका, सेटअप तुकडे आपोआप ओळखतो.

प्रश्न : कळव्याला राहतो, इमेजमध्ये अपडेट टाकून कमिट चालू असताना लाईट गेली, यूपीएस नव्हता. आता माउंट करायला गेलं की इमेज आधीच माउंट आहे म्हणतो आणि फोल्डर डिलीटही होत नाही.

उत्तर : एक्सप्लोररमधून ते फोल्डर उडवायच्या मागे लागू नका, परमिशनच्या एररशिवाय हाती काही येणार नाही. डिझमला गेट-माउंटेड-विमइन्फो विचारा, स्टेटसमध्ये ‘नीड्स रीमाउंट’ असं दिसलं तर रीमाउंट-इमेज द्या आणि मग डिस्कार्ड करून अनमाउंट करा. कमिट करू नका. अर्धवट लिहिलं गेलेलं किती बरोबर आहे हे कळायला मार्ग नाही, आणि अशी इमेज वरवर चालते पण एखाद्या मशीनवर मधलीच फाईल खराब निघते. स्टेटस इनव्हॅलिड असेल तर क्लीनअप-माउंटपॉइंट्स द्या, एकदा रीस्टार्ट करा, फोल्डर मोकळं होईल. त्या विमची मूळ कॉपी असेल तर तिच्यापासून परत सुरू करा. नसेल तर आयएसओपासून. पावसाळ्यात तरी लॅपटॉपवर बसून हे काम करा, बॅटरी हाच यूपीएस.

प्रश्न : ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवरून २५६ जीबी एसएसडीवर क्लोनझिला नेत नाही, डेटा तर फक्त ९० जीबी आहे. (कोपरखैरणे)

उत्तर : क्लोनझिला डेटा फक्त वापरलेल्या भागाचाच घेतो पण पार्टिशनचा आकार मूळचाच धरतो, त्यामुळे लहान डिस्कला तो नाही म्हणतो. पार्टिशन आधी लहान करता येतं, पण शेवटाला रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं आणि तिथे लोकांचा अख्खा रविवार जातो. मी विमचा रस्ता धरायला सांगेन. विनपीईच्या पेनड्राइव्हवरून बूट करून डिझमच्या कॅप्चर-इमेजने सी ड्राइव्हची विम बाहेरच्या डिस्कवर काढा, एसएसडीवर नवीन पार्टिशन करा, अप्लाय-इमेजने उतरवा, बूटच्या फाइली बनवायला बीसीडीबूट चालवा. विम फाइलींच्या हिशोबाने चालते, तिला डिस्क किती मोठी होती याच्याशी देणंघेणं नाही. मशीन तेच आहे, म्हणून इथे सिसप्रेप नको. नवी एसएसडी नीट चालतेय हे बघेपर्यंत जुनी डिस्क पुसू नका.

प्रश्न : सगळ्या लॅपटॉपवर कंपनीचं ओरिजिनल विंडोज आहे, मग एक इमेज सगळ्यांवर टाकायला लायसन्सची काय अडचण?

उत्तर : अडचण आहे. लॅपटॉपबरोबर आलेल्या ओईएम लायसन्समध्ये आपली इमेज बनवून सगळीकडे उतरवायचा हक्क नसतो, तो संस्थांना मिळणाऱ्या व्हॉल्यूम लायसन्सबरोबर येतो, आणि इमेजही व्हॉल्यूमच्या मीडियापासूनच बनवावी लागते. प्रत्येक मशीनला व्हॉल्यूम लायसन्स लागतंच असं नाही, ओईएमचं लायसन्स त्याच एडिशनचं आणि व्हर्जनचं असेल तर चालतं. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून हे लेखी घ्या, तोंडी ‘चालतं हो मॅडम’ वर जाऊ नका.

प्रश्न : घणसोलीच्या शाळेत लॅब सांभाळते. दर महिन्याला इमेजमध्ये अपडेट टाकते आणि ती फुगतच चाललीय. सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी साईझ कमी होत नाही. शिवाय २४एच२ चा अपडेट एरर देतो.

उत्तर : दर महिन्याला इमेज अपडेट करणारी शाळा, वाचूनच बरं वाटलं. विमचा स्वभाव असा आहे की आतून काही काढलं तरी त्याची जागा फाईलमध्ये तशीच राहते. कमी करायची तर दोन गोष्टी लागतात, माउंट असताना क्लीनअप-इमेजमध्ये स्टार्ट-कंपोनंट-क्लीनअप आणि रीसेटबेस, आणि अनमाउंट झाल्यावर एक्सपोर्ट-इमेजने नवीन फाईलमध्ये एक्सपोर्ट. एक्सपोर्टमध्ये फक्त कामाचा डेटा जातो, जुनी विम काढून टाकायची. रीसेटबेसनंतर आत टाकलेले अपडेट परत काढता येत नाहीत, म्हणून अपडेट एका पीसीवर तपासून झाल्यावरच रीसेटबेस चालवा.

२४एच२ पासून चेकपॉइंट अपडेट आलेत, म्हणजे नवीन महिन्याचा अपडेट मधल्या एखाद्या जुन्या अपडेटवर उभा असतो. दोन्ही अपडेटच्या एमएसयू फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि डिझमला नवीन फाईल दाखवा, तो जुनी स्वतः शोधून आधी टाकतो. बहुतेक तेवढ्याने एरर जाईल.

पण माझं खरं सांगणं वेगळं आहे, आणि ते या सदरातल्या सगळ्यांनाच लागू आहे. इमेजमध्ये कमीत कमी टाका. विंडोज, अपडेट, ड्रायव्हर, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड अनअटेंड फाइलीत (सेटअपची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली फाईल), आणि फार तर ऑफिस. ब्राउझर, पीडीएफ रीडर, मुलांची शैक्षणिक सॉफ्टवेअर हे सगळं सारखं बदलत असतं, ते उतरवल्यावर एका स्क्रिप्टने टाका, म्हणजे एक सॉफ्टवेअर बदललं म्हणून अख्खी इमेज उघडायला नको. विमच्या शेजारी एक टेक्स्ट फाईल ठेवा आणि तिच्यात प्रत्येक वेळी काय घातलं, काय काढलं, अपडेटचा कुठला केबी नंबर, कुठल्या तारखेला हे लिहा, फाईलचा एसएचए२५६ हॅशही (फाईल बदलली का ते ओळखायचा ठसा), सर्टयुटिल हॅशफाईलने निघतो. ‘फायनल’, ‘फायनल न्यू’, ‘फायनल लेटेस्ट’ अशा नावांच्या फाइलींनी भरलेल्या डिस्क मी खूप पाहिल्यात आणि त्यातली कुठली उतरवायची हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. नावात वर्ष-महिना घाला, मागच्या दोन आवृत्त्या ठेवा, बाकीच्या काढा.

प्रश्न : तुर्भ्याच्या आमच्या गोडाऊन-ऑफिसमध्ये आधीच्या आयटीवाल्याने अकाउंटंटच्या चालू पीसीवरूनच विम बनवलेली होती. आता लक्षात आलं की नवीन मुलांच्या पीसीवर अकाउंटंटचं प्रोफाईल, पगाराच्या शीट, ब्राउझरमधली पानं सगळं आहे. विम माउंट करून यूजर्समधलं फोल्डर उडवलं तर चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. फोल्डर गेलं तरी अकाउंट रजिस्ट्रीत राहतं, आणि वर लिहिलं तसं काढलेल्या फाइली एक्सपोर्ट करेपर्यंत विमच्या आतच पडून असतात. किती काय बाहेर गेलंय ते बघायला विम रीड-ओन्ली माउंट करा, म्हणजे चुकून काही बदलणार नाही, आणि डाऊनलोड्स, डेस्कटॉप, ब्राउझरचं प्रोफाईल हे तिन्ही तपासून यादी करा. ही पगाराची माहिती लोकांची खाजगी आहे, मालकांना आजच सांगा, लपवू नका. नवीन इमेज कोऱ्या आयएसओपासून ऑडिट मोडमध्ये बनवा आणि जुनी इमेज उतरवलेले सगळे पीसी तिच्यावरून परत बसवा. जुन्या विमच्या कॉपी कुठे कुठे आहेत ते शोधा, डिप्लॉयमेंटच्या शेअरवर, एनएएसवर (नेटवर्कवरच्या डिस्कवर), कपाटातल्या पेनड्राइव्हवर, त्या आयटीवाल्याकडे, आणि सगळ्या काढून टाका. आणि या सगळ्याच्या आधी, आज संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत, अकाउंटंटला समोर बसवून बँकेचे, जीएसटीचे आणि ईमेलचे पासवर्ड बदलून घ्या.