आजी नको का म्हणते

मस्कत, गुरुवार रात्र

प्रिय एस्तेर,

जय ख्रिस्त. तुझा निरोप ड्युटी संपल्यावर ऐकला. हॅरी पॉटरचं पुस्तक आजीने कपाटात ठेवून दिलं, आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या काकूंनी मीठ-मोहरीने तुझी दृष्ट काढली तेव्हा मात्र ती काही बोलली नाही. "मग चेटूक नक्की कशाला म्हणायचं, आई?" हे फोनवर घाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

मनाई शास्त्रातलीच आहे, आजीच्या मनातली नव्हे. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात चेटूक, शकुन पाहणं, मेलेल्यांना विचारणं, सगळं वर्ज्य सांगितलंय. पण शौल राजाची गोष्ट वाच, पहिले शमुवेल, अध्याय २८. भूतविद्या करणाऱ्यांना देशातून त्यानेच हाकललं होतं. लढाई अंगावर आली, देव उत्तर देईना, तेव्हा हाच राजा वेश पालटून रात्री एन-दोर गावच्या, मेलेल्यांना बोलावणाऱ्या एका बाईकडे गेला. आपलं पुढे काय होणार ते ऐकून तो जमिनीवर कोसळला. दिवसभर पोटात अन्न नव्हतं. तर त्या बाईने घरचं वासरू कापलं, भाकरी भाजल्या आणि त्याला जेवू घातलं. हा शेवट मला संडे स्कूलमध्ये कुणी सांगितला नव्हता. मोठेपणी वाचला तेव्हा रडू आलं.

भीतीपोटी देवाला सोडून उद्याचा दिवस आपल्या मुठीत घ्यायला जाणं, हे मला चेटकाचं मूळ वाटतं. गोष्ट वाचण्यात ते नाही. सी. एस. लुईस तर श्रद्धावंत ख्रिस्ती, तरी १९५० सालच्या त्यांच्या नार्नियाच्या पुस्तकात चेटकीण आहेच. सगळ्यांना हे पटत नाही. २०१९मध्ये पोलंडच्या ग्दान्स्क शहरात पाद्र्यांनी हॅरी पॉटरचं पुस्तक जाळलं, पुढे माफीही मागितली. पुस्तकं जाळायला इफिसचा दाखला देतात: प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९, पन्नास हजार रुप्याच्या नाण्यांची पुस्तकं. पण तिथे लोकांनी स्वतःची, मंत्रतंत्राला वापरलेली पुस्तकं आणली होती. दुसऱ्याच्या लेकराच्या हातातून काही ओढून घेतलं नव्हतं.

आजीचं कारण मात्र वेगळंच आहे, आणि ते तिने तुला सांगितलं नसणार. नगरकडच्या तिच्या गावात वस्तीच्या टोकाला एक विधवा राहायची. एका घरात तापाने पाठोपाठ दोन मुलं गेली आणि लोकांनी तिला चेटकीण ठरवलं. विहिरीवर पाणी भरू देईनात. आजी तेव्हा तुझ्यापेक्षाही लहान. पदराआड भाकरी झाकून तिची आई अंधारात निघायची, आजी पुढे कंदील धरायची. एक दिवस ती बाई गाव सोडून गेली. त्यामुळे 'चेटकीण' या शब्दाला आजीला हसता येत नाही, पुस्तकातल्यासुद्धा नाही. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्या रात्रीच्या प्रार्थनेत तिने त्यांचं नाव घेतलं होतं. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झगडले, त्याचा वटहुकूम चारच दिवसांनी निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. एखाद्या बाईवर करणीचा आळ घेऊन तिला छळणं आता महाराष्ट्रात गुन्हा आहे.

म्हणून मला काळजी त्या पुस्तकाची नाही, रात्री जेवताना आपल्याकडे लागते त्या मालिकेची आहे. पुस्तकातली काठी फिरवणारी मुलं खोटी आहेत हे तुला कळतं. पण जावेच्या वाईटावर टपून लिंबाला सुया टोचणारी बाई आपल्या वर्तकनगरच्या घरासारख्याच घरात दाखवतात, आणि पाहणाऱ्याला खरंच असं कुणी करत असेल असं वाटायला लागतं. ती बंद करा. आजीशी मी बोलले आहे, तिलाही पटलं.

काकूंचं मीठ-मोहरी म्हणजे चेटूक नव्हे. परीक्षेच्या काळात तू सुकलीस म्हणून त्यांचा जीव तुटला. आपल्या घरात दृष्ट काढत नाहीत, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. त्या गेल्यावर आजीने तेच केलं असणार. काकूंना कधी अंधश्रद्धाळू म्हणू नकोस.

पुस्तक आजी परत देईल. पहिली दोन प्रकरणं तिच्या शेजारी बसून मोठ्याने वाच, तिला चष्म्याने बारीक अक्षर दिसत नाही. आणि त्या बाईचं नाव तिला विचार. मला तिने कधी सांगितलं नाही.

उद्या सुट्टी आहे, संध्याकाळी फोन करते.

तुझी,
आई