पावसात घरात कोंडलेली मुलं: आधी अंग, मग हात, मग डोळे

आम्ही पालकांच्या अडचणी ऐकून त्यांच्याबरोबर उपाय शोधतो. जुलै उजाडला की आमच्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून येते. "शाळेला सुट्टी जाहीर झाली की पोटात गोळा येतो. घर एवढंसं, बाहेर पाऊस, मॉलमधल्या गेम झोनला पैसे कुठून आणायचे? मग मोबाइल देते. मोबाइल काढून घेतला की रडारड. शेवटी माझा हात उठतो आणि रात्री मीच रडते."

ज्या आईची गोष्ट इथे सांगत आहोत, तिचं घर मुंबईतल्या कांजूरमार्गचं. एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या) इमारतीत सातव्या मजल्यावर २६९ चौरस फूट. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाच. नवरा ड्रायव्हर, बऱ्याचदा रात्रपाळी. सासूबाईंना दुपारी दोन तास झोप लागतेच. (ओळख पटू नये म्हणून हे घर अनेक घरांच्या अनुभवांतून जुळवलं आहे. अडचणी आणि उपाय मात्र जसेच्या तसे आहेत.)

ताईंनी काहीच केलं नव्हतं असं अजिबात नाही. चित्रकलेची वही, जोडकोडी, मैत्रिणीकडून आणलेली गोष्टींची पुस्तकं, सगळं करून झालं होतं. प्रत्येक गोष्ट दहा मिनिटं टिकायची आणि अकराव्या मिनिटाला भांडण. त्यांचा निष्कर्ष असा, की मुलगा 'हायपर' आहे आणि आपण आई म्हणून कमी पडतो.

आम्ही त्यांच्याकडून एका पावसाळी दिवसाची नोंद तासातासाने लिहून घेतली. सकाळी नऊला रंगकाम, साडेनऊला कोडं, दहाला पुस्तक, सव्वादहाला भांडण, साडेदहाला मोबाइल. पुढे जेवणापर्यंत मोबाइल, दुपारी पुन्हा मोबाइल. दिवसभरात मुलाचं अंग घामेजलं असा एकही क्षण त्या कागदावर नव्हता. खेळ कमी नव्हते, त्यांचा क्रम उलटा होता. झोप पूर्ण झालेल्या आठ वर्षांच्या मुलाला सकाळी नऊला बैठं काम दिलं, तर त्याचे पाय टेबलाखाली बहिणीला लाथा मारणारच. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांची रोज सरासरी साठ मिनिटं तरी दमवणारी हालचाल व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एरवी ती शाळेच्या वाटेवर, मधल्या सुट्टीत, संध्याकाळी खाली खेळताना आपोआप होते. रेड अलर्टच्या दिवशी ती शून्यावर येते.

म्हणून आम्ही क्रम असा ठरवला: आधी अंग, मग हात, मग डोळे. त्यानंतर वीस मिनिटं काहीच नाही. असा फेरा सकाळी एकदा, दुपारी साडेचारनंतर एकदा.

अंग (२५ मिनिटं)

सातव्या मजल्यावर उड्या चालत नाहीत, सहाव्या मजल्याची माणसं वर येतात. त्यामुळे लंगडी, बेडूकउड्या, दोरीच्या उड्या बाद. जोर लागेल पण धपधप होणार नाही अशा हालचाली हव्यात. ढकलणं, ओढणं, उचलणं, पिळणं यांत सांध्यांवर आणि स्नायूंवर ताण येतो, आणि अशा जोरकामानंतर बरीच मुलं नुसत्या धावपळीपेक्षा लवकर शांत होतात.

पहिलं काम चादरीची गाडी. जाड चादर चौपदरी घडी करून फरशीवर टाकायची. एकाने मांडी घालून, ओढणाऱ्याकडे तोंड करून बसायचं, दुसऱ्याने दोन टोकं धरून दारापासून ओट्यापर्यंत ओढत न्यायचं. दहा फेऱ्या, मग अदलाबदल. पहिल्याच दिवशी मुलीचं डोकं कपाटाला लागलं, कारण ती पाठमोरी बसली होती आणि फरशीवर छत्रीचं पाणी होतं. आधी फरशी कोरडी पुसायची. बसलेल्याने 'थांब' म्हटलं की गाडी थांबलीच पाहिजे. हा नियम मोडला तर त्या दिवसापुरती गाडी बंद.

दुसरं, भिंत ढकलणं. तळवे भिंतीवर, पाय दोन पावलं मागे, दहा आकडे मोजेपर्यंत पूर्ण जोर, असं पाच वेळा. मग पलंगाखालून अस्वलाची (हातापायांवर) आणि खेकड्याची (पोट वर करून हातापायांवर) चाल. मोठ्यासाठी सहा ते आठ सूर्यनमस्कार, सावकाश, पाय न आपटता. शेवटी कपडे पिळणं: टॉवेलची दोन टोकं दोघांनी धरायची आणि उलट दिशांना पीळ द्यायचा. पावसाळ्यात नीट न पिळलेल्या कपड्यांना कुबट वास येतोच, तेव्हा हे खोटं खोटं काम नाही, हे मुलांनाही कळतं. धाकटीला याच कामाचा सगळ्यात जास्त अभिमान वाटू लागला.

हात (३० ते ४० मिनिटं)

इथे मुंबईच्या हवेचा विचार करावाच लागतो. कागदाचा लगदा, मिठाच्या कणकेची खेळणी या गोष्टी जुलैत करू नयेत. लगदा चार दिवस वाळत नाही आणि त्यावर बुरशी येते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे काल कडक झालेला हत्ती आज चिकट होतो आणि मुलं हिरमुसतात. चिकटवायला खळ लागली तर दोन चमचे मैदा पाव कप गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटं ढवळत शिजवायचा. त्यात चिमूटभर तुरटीची पूड घालायची. तरीही खळ एका दिवसापुरतीच करावी.

या घरात सगळ्यात टिकला तो सासूबाईंचा खेळ, चल्लस आठ. कुठे त्याला अष्टाचंगा म्हणतात. पाठकोऱ्या पुठ्ठ्यावर पाच बाय पाच अशी पंचवीस घरं आखायची. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मधल्या घरात फुली मारायची. फाशांऐवजी चार चिंचोके, एका बाजूने खरखरीत फरशीवर पांढरं दिसेपर्यंत घासलेले. घासायलाच वीस मिनिटं जातात, ते मुलांनाच करू द्यावं. चिंचोके टाकून जितके पांढरे वर तितकी घरं चालायचं. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि दोन्ही वेळा पुन्हा डाव. प्रत्येकाच्या चार सोंगट्या: आपल्या फुलीपासून निघून बाहेरची सोळा घरं एका दिशेने, मग आतली आठ उलट दिशेने, शेवटी मधलं घर. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत जाता येत नाही. फुलीवरच्या सोंगटीला मारता येत नाही. पाच वर्षांच्या मुलीची सोंगटी मारली की ती रडायची आणि पट उधळायची. त्यावर उपाय असा, की पहिला आठवडा दोन संघ: आजी आणि नात, विरुद्ध दादा आणि आई. मार दोघींनी मिळून खाल्ला की तो पचतो. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर चिंचोके नकोत, ते तोंडात घालतात.

वीस मिनिटं लसूण सोलणं, घेवड्याच्या शिरा काढणं हेही हातकामच. फक्त 'मला मदत कर' असं न म्हणता वाटी नेमून द्यावी: "ही वाटी तुझी." संपण्याची खूण डोळ्यांसमोर असली की मूल काम टाकून उठत नाही.

डोळे, आणि मग काहीच नाही

यात वाचन, चित्र, खिडकीतून पाऊस बघणं. पुस्तकं तीच होती, पण आता ती पंचवीस मिनिटं टिकू लागली.

आठ वर्षांच्या मुलाला पावसाची वही फार आवडते. दोन लिटरच्या बाटलीचा पर्जन्यमापक करायचा. खांदा संपतो तिथे बाटली कापायची, कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावायची आणि वरचा भाग झाकण काढून उलटा आत बसवायचा. बाटलीचा तळ खाचाखोचांचा असतो, म्हणून त्यात खडे आणि पाणी घालून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पातळी आणायची आणि तिथे शून्य लिहायचं. वर मिलिमीटरची पट्टी चिकटवायची. खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवली तर आकडा चुकतो, कारण छज्जा पाऊस अडवतो. गच्चीवर, कठड्यापासून लांब, दोन विटांच्या मध्ये ठेवावी आणि तिथे मोठ्या माणसानेच जावं. वाचन सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठलाच बदलतो. म्हणजे आपला आकडा खात्याच्या सांताक्रूझ केंद्राच्या आकड्याशी ताडून बघता येतो. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार', २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार'. बाटलीचा सरळ भाग साधारण १२ ते १५ सेंटिमीटरच असतो, म्हणून मुसळधार दिवशी ती दोनदा वाचावी, नाहीतर वरून वाहून जाते. प्रत्येक वाचनानंतर शून्यापर्यंत रिकामी करायची, आणि आठवड्यातून एकदा खडे-पाणी सगळंच बदलायचं, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

त्यानंतरची वीस मिनिटं ताईंना सगळ्यात जड गेली. "मी काय करू?" याला उत्तर द्यायचं नाही. "तुझा मोकळा वेळ आहे, मोठा काटा चारवर येईपर्यंत," एवढंच म्हणायचं. पहिले दोन दिवस किरकिर झाली. तिसऱ्या दिवशी दोघांनी ओढण्या बांधून पलंगाखाली तंबू केला. दर वेळी नवा खेळ पुरवायचं काम आईकडून काढून घेतल्याशिवाय हे होत नाही.

मोबाइल आम्ही बंद करायला सांगितला नाही, त्याची जागा ठरवली: दुपारी सासूबाई झोपतात तेव्हा, तीन ते चार. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शनानुसार दोन ते पाच वर्षांपर्यंत एक तास, पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांच्या आत. रडारड मोबाइल काढून घेताना होते, म्हणून मोबाइलनंतर लगेच खाणं ठेवलं. बंद करायचं ते भाजलेल्या शेंगदाण्यांसाठी, अभ्यासासाठी नव्हे.

घराबाहेर, पण छपराखाली

ताई पूर्वी मुलांना स्टेशनच्या पुलावर गाड्या दाखवायला न्यायच्या. ते आम्ही ठामपणे थांबवलं. पावसात लोक पुलावर अडकून राहतात आणि मागची गर्दी ढकलत येते. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर असंच झालं आणि २३ जणांचा जीव गेला.

त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर बंद पडलेली खोली होती. एसआरएच्या योजनेत सोसायटीचं ऑफिस, बालवाडी आणि वेल्फेअर सेंटर यांसाठी जागा असते. अनेक ठिकाणी तिथे जुनी खुर्ची-टेबलं पडलेली असतात. सेक्रेटरींना लेखी अर्ज दिला: सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी पाच ते साडेसहा, जास्तीत जास्त बारा मुलं, रोज दोन पालक हजर, किल्ली कोणाकडे आणि फरशी कोण पुसणार यांची नावं अर्जातच. नुसतं तोंडी विचारलं असतं तर "बघू" एवढंच उत्तर आलं असतं. तिसऱ्याच दिवशी वीस मुलं आली आणि आरडाओरडा झाला. मग लहानांचा पाऊण तास आणि मोठ्यांचा पाऊण तास असा वाटून घेतला. मीटरच्या खोलीचं दार बंद आहे ना, हे रोज आधी बघायचं.

लांबचा फेरफटका आठवड्यात एकच. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, तिथे प्रवेश मोफत असतो आणि प्रदर्शनं साधारण आठवड्याला बदलतात. बऱ्याचदा चित्रकार स्वतः दालनात बसलेले असतात, मुलांनी प्रश्न विचारला तर आनंदाने बोलतात. सगळी चित्रं दाखवत फिरू नये. मुलाने एकच चित्र निवडायचं, तीन मिनिटं बघायचं आणि घरी येऊन आठवणीतून काढायचं. पाऊण तासाच्या वर थांबू नये. दुसरी जागा गावदेवीचं मणिभवन, जिथे १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की राहत. त्यांच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांतून मांडलेले आहेत आणि पाच वर्षांचं मूलही त्यापुढे रमतं. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्था किंवा आपल्या भागातलं मुक्तद्वार वाचनालय इथे लहान मुलांना बसू देतात का, हे आधी जाऊन विचारावं.

मोफत म्हणजे फक्त प्रवेश. बेस्टच्या बसचं किमान भाडंच मे २०२५ पासून दहा रुपये आहे, त्यामुळे डबा आणि पाणी घरून न्यावं. पिशवीत प्रत्येकाचा एक कोरडा शर्ट आणि ओली छत्री ठेवायला प्लास्टिकची पिशवी. निघण्याआधी भरतीची वेळ बघावी. साडेचार मीटरच्या वर भरती आणि त्याच वेळी जोराचा पाऊस असेल तर पाणी समुद्रात उतरत नाही, कुर्ला-शीवच्या रुळांवर ते साचतं आणि मध्य रेल्वे अडकते. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर बेत रद्द. हे मुलांना आदल्या रात्रीच सांगून ठेवावं.

दोन आठवड्यांनी ताई आल्या तेव्हा मोबाइल चार-साडेचार तासांवरून दीड तासावर आला होता. संध्याकाळी सहा ते सातची भांडणं मात्र तशीच होती. नोंद पुन्हा बघितली, तर शेंगदाण्यांनंतर थेट साडेआठचं जेवण. सव्वासहाला वरणभाताची एक छोटी वाटी सुरू केली आणि तो तास निवळला.

मुलगा 'हायपर' आहे का, या प्रश्नाचं उत्तर: शाळेत तक्रार नाही, कोरड्या दिवसांत त्रास नाही, तेव्हा तशी शंका घेण्याचं कारण दिसलं नाही. घर आणि शाळा अशा दोन्ही ठिकाणी, सहा महिन्यांहून जास्त काळ चंचलपणा अडचण करत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावं. आणि हात उठण्याबद्दल ताईंशी वेगळं बोलणं सुरू आहे. रात्रपाळीच्या घरात दिवसभर मुलांना गप्प ठेवायचा भार एकटीवर पडतो, त्यावर नवऱ्यालाही बोलावलं आहे. रविवारी ते दहा ते एक झोपतात, म्हणून जहांगीरचा फेरा रविवारी सकाळी ठेवला. ज्या घरी असा राग वारंवार अनावर होतो आणि लगेच कुणाशी बोलता येत नाही, त्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं, मराठीतूनही.