लाल आणि हिरव्याचे कापड तपकिरी का दिसते?

प्रश्न : मी हातमागावर नुकतीच विणू लागले आहे. लाल ताणा (उभे धागे) आणि हिरवा बाणा (आडवे धागे) घेऊन साध्या विणीचे एक कापड विणले. सुताच्या रिळावर दोन्ही रंग टवटवीत होते, पण कापड लांबून मळकट तपकिरी दिसते. आता चार रंगांची चौकड्याची सुती शाल विणायची आहे आणि घरात शिल्लक असलेली थोडी लोकरही त्यात वापरावी असा विचार आहे. रंग व सूत कसे निवडावे, आणि सूत किती आणावे?

उत्तर : आपल्या सुताचा किंवा रंगाईचा यात काही दोष नाही. साध्या विणीत ताण्याचा आणि बाण्याचा धागा आळीपाळीने वर येतो, त्यामुळे लाल व हिरव्याचे बारीक ठिपके शेजारी शेजारी बसतात. काही अंतरावरून डोळ्याला ते वेगळे दिसत नाहीत, आणि एकमेकांच्या विरोधी असलेले हे दोन रंग मिसळून तपकिरी छटा तयार होते. हेच रंग रुंद पट्ट्यांत विणले असते, तर नेमके उलट घडून दोन्ही अधिक उठून दिसले असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्रुल हे 1824 पासून पॅरिसमधील गोबेलँ या भिंतीवर लावायची चित्रे (टॅपेस्ट्री) विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. तिथला काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासाअंती काळा रंग उत्तम असून शेजारचे निळे-जांभळे धागे त्याला फिके भासवत आहेत, असे त्यांना आढळले. या निरीक्षणांतून त्यांनी रंगांच्या परस्परविरोधाचा जो नियम मांडला, त्यावरचा त्यांचा ग्रंथ 1839 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून रंग कधीही सुटा पाहून ठरवू नये. तो कोणाशेजारी आणि किती रुंदीने येणार आहे, हे आधी पाहावे.

चौकड्याच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. ताण्यात चार आणि बाण्यात तेच चार रंग घेतले, तर सोळा प्रकारचे चौकोन तयार होतात आणि त्यांपैकी फक्त चारच चौकोनांत शुद्ध रंग दिसतो. उरलेले बारा मिश्रणाचे असतात, म्हणजे शालीचा खरा रंग हे बारा चौकोनच ठरवतात. त्यासाठी शालीच्या आधी हाताच्या तळव्याएवढा नमुना त्याच सुताने आणि त्याच विणीने विणावा, असा माझा आग्रह आहे. सुताच्या लडी शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्रही काढून पाहा. त्यात दोन रंग एकसारखे करडे दिसले, तर त्यांच्यातील चौकडा कापडात पुसट होईल. अशा वेळी त्यांपैकी एक रंग बराच फिका किंवा बराच गडद घ्यावा.

ताण्यासाठी पीळदार, शक्यतो दुपदरी सूत घ्यावे, कारण त्याला ताण आणि मागाच्या फणीचे घर्षण दोन्ही सोसावे लागते. हातात थोडे ओढताच सुटणारे सूत बाण्यासाठीच ठेवावे. लोकर या शालीत घालू नये, असे मला वाटते. ती सुतापेक्षा अधिक ताणली जाते आणि धुतल्यावर अधिक आकसते, त्यामुळे सुती पट्ट्यांना चुण्या पडतात. या चुण्या हव्या असतील तर गोष्ट वेगळी. गडद सूत ओले करून पांढऱ्या कापडावर दाबून पाहावे. डाग पडला तर फिक्या सुताशेजारी ते नको. नमुनासुद्धा शाल जशी धुणार तसाच धुवून मगच निर्णय घ्यावा.

सुताचा हिशेब करण्यासाठी पट्टीवर धागा न ताणता, वेढे एकमेकांना टेकतील असा एक इंच गुंडाळावा. समजा 32 वेढे बसले, तर साध्या विणीसाठी इंचाला त्याच्या निम्मे, म्हणजे 16 धागे ठेवावेत. दोन वर, दोन खाली अशा ट्विल म्हणजे तिरप्या रेघांच्या विणीसाठी सुमारे 21 लागतील. तयार शाल 20 इंच रुंद हवी असेल, तर आकसणे धरून मागावर 22 इंच घ्यावी, म्हणजे 352 धागे झाले. लांबी दोन मीटर हवी असल्यास आकसण्यासाठी आणि मागावर वाया जाणाऱ्या सुतासाठी एक मीटर वाढवून तीन मीटरचा ताणा घालावा. त्याला 1,056 मीटर सूत लागेल. बाण्याला याहून थोडे कमी पुरते. नमुन्यासाठी वेगळे सूत धरून सगळे एकदमच घ्यावे, कारण एकाच नावाचा रंग वेगवेगळ्या वेळी रंगवला गेला की छटेत फरक पडतो आणि शालीच्या मध्यावर तो आडव्या पट्ट्यासारखा स्पष्ट दिसतो.