आपण मुलाचं ब्रेनवॉशिंग तर करत नाही ना?

‘ब्रेनवॉशिंग’ हा शब्द हल्ली माझ्याकडे समुपदेशनात फार येतो. कधी आजी नातवाकडून स्तोत्रं पाठ करून घेते म्हणून, कधी मुलगी कुठल्याशा बैठकीला जायला लागली म्हणून. या वेळी तो ठाण्यातल्या एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, जोडप्याबरोबर आला. समाज एवढासा, की नाव बदललं तरी लोक बरोबर ओळखतील. म्हणून नावं देतच नाही, काही तपशीलही बदलले आहेत.

बारा वर्षांच्या मुलाने मित्राकडे कोळंबीचं कालवण खाल्लं आणि घरी सांगितलं नाही. मित्राच्या आईने कौतुकाने फोन केला, “दोनदा मागून घेतलं हो!” तेव्हा फुटलं. पर आणि खवले असलेलीच मासळी चालते, कोळंबी-खेकडे नाहीत, हा या घरातला पक्का नियम. कोकणात मुळं असलेल्या माणसाला हे पाळणं म्हणजे काय, ते आपल्याला सांगायला नको! आई रडली. वडील मात्र तिच्यावरच उखडले. “बारा वर्षांचं पोर कोळंबी खाऊन खोटं बोलतं, कारण आपण त्याचं ब्रेनवॉशिंग केलंय.”

वडील आयटीत. जन्माने तेही बेने इस्रायली, पण देव मानत नाहीत. न्यूयॉर्कमधल्या हसिदी, म्हणजे एका कट्टर ज्यू पंथाच्या, घरांतून बाहेर पडलेल्या तरुणांच्या मुलाखती ते रात्ररात्र पाहत होते. मुद्दे तयारच होते. “शेमा प्रार्थना वाचा मॅडम. घरात बसताना शिकव, वाटेने चालताना शिकव, झोपताना, उठताना शिकव. चोवीस तास प्रोग्रामिंग! आणि आठव्या दिवशी सुंता केली, तेव्हा त्याला विचारलं होतं का?”

सुंतेचा प्रश्न मी बाजूला ठेवला, टाळला नाही. ज्याला होकार-नकार देता येत नाही त्याच्या शरीरावर केलेली, परत न फिरवता येणारी गोष्ट आहे ती, आणि तिच्यावर वाद आहेत. पण तो मन ताब्यात घेण्याचा प्रश्न नाही. वडिलांचा मूळ आक्षेप मनाबद्दल होता.

त्या मुलाखतींतलं दुःख खरं आहे, हे मी आधी मान्य केलं. काही हसिदी शाळांमध्ये मुलांना गणित, विज्ञान, इंग्रजी पुरेसं शिकवत नाहीत, असं न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण विभागालाही 2023 मध्ये आढळलं होतं. घराबाहेरच्या जगाची भाषाच नीट येत नसेल, सोडून जाणाऱ्याशी आईबाप बोलणं टाकत असतील, तर त्या मुलाला निवड करता येते असं कोण म्हणेल? अशा जगातून बाहेर पडणाऱ्यांना आधार देणारी ‘फूटस्टेप्स’ नावाची संस्था तिथे 2003 पासून काम करते आहे. गरज असल्याशिवाय अशी संस्था उभी राहत नाही.

पण ठाण्यातलं हे घर म्हणजे ते जग नव्हे. चीनमधल्या ‘विचार-सुधारणे’तून, म्हणजे कम्युनिस्टांनी सक्तीने मतं बदलायला लावण्याच्या मोहिमेतून, सुटून आलेल्या माणसांचा अभ्यास रॉबर्ट लिफ्टन या मानसोपचारतज्ज्ञांनी 1950च्या दशकात केला. काय कानावर पडेल, कोण भेटेल यावर पूर्ण ताबा, मनातलं सतत कबूल करायला लावणं, आपण तेवढे शुद्ध आणि बाकीचे भ्रष्ट, ही लक्षणं त्यांनी मांडली. मी वडिलांना एकच विचारलं, “यातलं तुमच्या घरात काय आहे?” मुलगा साध्या इंग्रजी शाळेत जातो, इमारतीतल्या गणपतीच्या आरतीला झांजा वाजवतो, हातात मोबाइल आहे, आणि देव नाही म्हणणारा बाप रोज समोर जेवायला बसतो. ते हसले. “मग कोळंबी लपवली का त्याने?”

हा प्रश्न नेमका होता. उत्तर मुलाकडूनच मिळणार होतं, म्हणून त्याला एकट्याला बोलावलं.

पोरगा बोलका. पेसाहच्या सेदरला, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेची आठवण काढतात त्या रात्री, घरातलं सगळ्यात लहान मूल चार प्रश्न विचारतं. ते काम त्याचं. पण या वर्षी त्याने पाचवाही विचारला होता. “इजिप्तच्या लोकांची पहिली मुलं देवाने मारली, त्यांची काय चूक होती?” टेबलावर सगळे गप्प. त्या रात्री दहा संकटांची नावं घेताना प्रत्येकाला पेल्यातला एकेक थेंब बोटाने ताटलीत काढतात. यांच्याकडे वाइनऐवजी घरी केलेलं काळ्या मनुकांचं सरबत असतं. आजीने आपलं जांभळं झालेलं बोट त्याच्यासमोर धरलं आणि म्हणाली, “मला नाही रे ठाऊक. पण ते मेले म्हणून आपला पेला आपण थोडा रिकामा करतो.”

“मग तुला पटलं?” मी विचारलं.

“नाही. पण आजी रागावली नाही.”

वडिलांनी जी शेमा मला ऐकवली, ती तोरातल्या, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातल्या, ज्या अध्यायात आहे, त्याच अध्यायात पुढे ‘उद्या तुझा मुलगा विचारेल की हे नियम कशासाठी’ असंही आहे. मूल विचारणार हे तिथे गृहीतच धरलंय. हिल्लेल आणि शम्माई या दोन जुन्या धर्मपंडितांच्या घराण्यांचे वाद तालमूदमध्ये, म्हणजे धर्मचर्चांच्या ग्रंथात, दोन्ही बाजूंनी जपून ठेवलेत, हरलेल्या बाजूसकट. माझ्या मते प्रश्नाला जागा असणं ही फार मोठी गोष्ट आहे. ती नास्तिक घरांतही नेहमी असते असं नाही.

पण कोळंबीकडे वळलो आणि पोराचा आवाज बदलला. “मॅडम, आम्ही खूप कमी उरलोय. मी असं केलं तर सगळं संपेल.”

हे वाक्य बारा वर्षांच्या मुलाचं नव्हतं. ते आईचं होतं, आणि तिच्याकडेही ते कुठून तरी आलेलं होतं. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवणारे हे लोक. कित्येक शतकं धर्मगुरू नाहीत, ग्रंथ नाहीत; शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, सुंता, खाण्याचे नियम आणि शेमा एवढ्याच शिदोरीवर टिकले. 1948 नंतर घरंच्या घरं इस्रायलला गेली. 2011च्या जनगणनेत अख्ख्या देशात ज्यू साडेचार हजारांच्या आसपास. ठाण्याचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 1879चं. प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायचे तर फोन करावे लागतात, असं आईच सांगत होती. तिचा भाऊ अश्दोदला, बहीण दिमोनाला. मागे राहिली ती. तिची भीती मला समजते. पण ती भीती तिने पोराच्या डोक्यावर ठेवली होती, आणि या घरात काळजी करण्यासारखं मला जे दिसलं ते हेच. हिब्रू अक्षरं शिकवणं नव्हे, दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे प्रार्थनेचा कागद ठेवलेल्या डबीला, बोट लावून चुंबन घ्यायला लावणं नव्हे, झोपताना डोळ्यांवर हात ठेवून म्हटलेली शेमाही नव्हे. ‘तू नाही म्हणालास तर आपण संपलो’ याला मूल नाही म्हणूच शकत नाही. मग ते लपवतं.

आईला मी शिकवणं बंद करा असं म्हटलं नाही. घरात कोळंबी शिजणार नाही, हा घराचा नियम राहू द्या. बाहेर खाल्लीस तर सांग, रडारड होणार नाही, हे मात्र त्याला स्पष्ट ऐकू द्या. आणि समाज टिकण्याची चिंता मोठ्या माणसांशी बोला, माझ्याशी बोला, त्याच्याशी नको. वडिलांनाही सुनावलं. प्रार्थना चालू असताना “झालं का तुमचं जंतरमंतर?” असं विचारणं हाही दबावच आहे. त्याने पोर मोकळं होत नाही, त्याला आई की बाप हे निवडावं लागतं. हे त्यांना आवडलं नाही. पुढच्या वेळी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्या वेळी आले.

गुंता उरला बार मिझवाहचा. तेरा वर्षं पूर्ण झाली की मुलगा धर्माच्या दृष्टीने मोठा होतो, तेव्हा त्याने सिनेगॉगमध्ये तोरा वाचायची. अश्दोदहून पाहुणे येणार, हॉल बघून ठेवलेला. मुलाला वाटायचं, वाचलं म्हणजे आयुष्यभराचा शब्द दिला. मी त्यांना हझ्झानना, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणणाऱ्यांना, भेटायला सांगितलं, कारण यात माझ्या शब्दाला वजन नाही. त्यांनी सांगितलं, तेरा पूर्ण झाले की मुलगा आपोआप बार मिझवाह होतो, समारंभ होवो न होवो. वाचन पुढे कधीही करता येतं. आईने हॉल रद्द केला. तिला ते जड गेलं, तसं ती म्हणालीही.

मुलाला तेरा पूर्ण व्हायला थोडेच महिने आहेत. त्याने अजून काही ठरवलेलं नाही, पण वाचनाची चाल आवडते म्हणून शिकायला जातो. कोळंबीचं आजीला सांगायचं की नाही, यावर नवरा-बायकोचं अजून एकमत नाही. पुढच्या भेटीत तोच विषय आहे.