टाइल लावायची घाई नको

बाथरूमला टाइल कुठली घ्यायची ते नंतर बघ, आधी खाली काय होतंय ते बघ. टाइल आणि ग्राउट (टाइलांमधल्या फटीत भरतात ते) पाणी अडवत नाहीत, अडवतो तो खालचा वॉटरप्रूफिंगचा कोट. कोथरूडच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये मिस्त्रीने नहाणी ट्रॅपभोवती (जमिनीतलं पाणी जायचं तोंड) नुसतं सिमेंट थापलं होतं. पावसाळा नसतानाही खालच्या काकूंच्या छताला पोपडे आले. (काकू अजून जिन्यात बोलत नाहीत.)

जमीन आणि भिंत मिळते तिथे गोलाई करून घे, त्यावर फायबर जाळी. कोट दोन, दुसरा पहिल्याला आडवा, तोही पहिला वाळल्यावरच. शॉवरच्या भिंतीला किमान ६ फुटांपर्यंत चढव. मग ट्रॅपला बूच मारून पाणी भर, भिंतीवर पेन्सिलीने पातळीची खूण कर आणि ४८ तास थांब. "चोवीस तास बास झाले, साहेब" असं मिस्त्री म्हणेलच. ऐकू नकोस. खाली जाऊन छताला हात लावून बघ.

जमिनीचा ट्रॅपकडे ढाळ मीटरला एक सेंटीमीटर तरी हवा. टाइल बसल्यावर बादलीभर पाणी ओत, डबकं राहिलं तर शेवटचा हप्ता देऊ नकोस.